कळ कोणीं दाबली? एक्स विंडो पद्धतींतील कृत्रिम कळदाब व माऊस-चालना यांचा विचार

१. प्रास्ताविक

जुना कागद हातीं आला म्हणजे त्यांतील मजकुराकडे वळण्यापूर्वीं संशोधक दुसरेच प्रश्न विचारतो. कागद अस्सल कीं नक्कल? अक्षर कोणाचें? शिक्का कोठें व कसा उमटला आहे? मोर्तब आहे कीं नाहीं? दफ्तरांत नोंद झाल्याची ‘बार’ची खूण दिसते काय? या प्रश्नांचीं समाधानकारक उत्तरें मिळेपर्यंत मजकुरास पुराव्याची किंमत येत नाहीं. अलीकडे आपल्या संग्रहांच्या याद्या, रुमालांचे तपशील व छायाचित्रांवरील नोंदी संगणकावर होऊं लागल्या आहेत. त्या नोंदींना अक्षराचें वळण नाहीं, शाईचा रंग नाहीं, कागदाचा पोत नाहीं. तेथें ‘अक्षर कोणाचें’ या प्रश्नाची जागा ‘कळ कोणीं दाबली’ या प्रश्नानें घेतली आहे.

हा प्रश्न वरवर पाहतां निरर्थक वाटेल. कळ दाबावयाची ती माणसानेंच, असा आपला सहज समज असतो. परंतु कळफलकास कोणीहि हात न लावतां कळ दाबली गेल्याची वर्दी संगणकांत उत्पन्न करतां येते. माऊस जागचा न हलतां त्याचा बाण पडद्यावर फिरवितां येतो. शिवाय हें करण्याचीं साधनें कोणा चोरट्यानें आडमार्गानें शोधून काढलेलीं नाहींत. पडद्यावर खिडक्या उघडणें, रेघा व अक्षरें काढणें यांसाठीं ज्या लायब्ररीचा (म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास तयार मिळणाऱ्या क्रियांच्या संग्रहाचा) उपयोग होतो, तिच्याच पोटांत व तिच्या जोडीस हीं साधनें उघडपणें ठेविलेलीं आहेत. प्रस्तुत लेखांत एक्स विंडो सिस्टिम व तिची एक्सलिब ही लायब्ररी यांच्या आधारें या साधनांचें स्वरूप, त्यांतील भेद, त्यांच्या मागें राहणाऱ्या खुणा आणि संग्राहकांनीं घ्यावयाची दक्षता यांचा विचार करावयाचा आहे.

२. पद्धतीचा पूर्वेतिहास

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत इ. स. १९८४ मध्यें या पद्धतीचा आरंभ झाला. रॉबर्ट शाइफ्लर व जिम गेटिस हे तिचे मुख्य कर्ते होत. स्टॅनफर्ड विद्यापीठांत पॉल अ‍ॅसेंटे व ब्रायन रीड यांनीं रचलेली ‘डब्ल्यू’ नांवाची खिडक्यांची पद्धति शाइफ्लर यांस मिळाली होती. तींत त्यांनीं मूलगामी फेरफार केले, आणि इंग्रजी वर्णमालेंत डब्ल्यूनंतर एक्स येतो म्हणून नव्या पद्धतीस ‘एक्स’ हें नांव पडलें. त्याच संस्थेंतील ‘अथीना’ योजनेस निरनिराळ्या कारखान्यांच्या संगणकांवर सारखीच चालणारी पद्धति हवी होती. ती गरज या पद्धतीनें भागविली. तिची अकरावी आवृत्ति १५ सप्टेंबर १९८७ रोजीं प्रसिद्ध झाली. त्या आवृत्तीचा मूळ करारमदार इतका टिकाऊ ठरला कीं पुढील दशकांत विस्तार पुष्कळ झाले, पण बारावी आवृत्ति काढण्याचा प्रसंग आला नाहीं.

या पद्धतीचें एक वैशिष्ट्य ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. पडदा, कळफलक व माऊस यांचा ताबा एकाच प्रोग्रॅमकडे असतो. त्यास सर्व्हर म्हणतात. बाकीचे सर्व प्रोग्रॅम, मग तो लेखनाचा असो वा यादी ठेवण्याचा असो, हे त्याचे अशील. अशिलानें अर्ज करावा, सर्व्हरनें तो अमलांत आणावा, आणि कळफलकावर किंवा माऊसवर जें घडेल त्याची वर्दी सर्व्हरनें ज्या त्या अशिलाकडे पाठवावी, असा हा व्यवहार आहे. अशील व सर्व्हर एकाच यंत्रावर असले पाहिजेत असेंहि नाहीं.

३. वर्दीचा मार्ग

इंग्रजींत जिला ‘इव्हेंट’ म्हणतात तिला आम्ही येथें वर्दी म्हणूं. प्रत्येक सामान्य वर्दी ३२ बाइटांची असते. तिच्या आरंभीं प्रकाराचा आंकडा असतो: कळ दाबली तर २, कळ सोडली तर ३, माऊसचें बटण दाबलें तर ४, सोडलें तर ५, बाण हलला तर ६. पुढें वेळ, खिडकीचा क्रमांक, बाणाचें स्थान, शिफ्ट वगैरे साहाय्यक कळांची स्थिति व कळीचा क्रमांक हा तपशील येतो.

कळीचा क्रमांक व कळीचा अर्थ या दोन गोष्टी येथें वेगळ्या ठेविलेल्या आहेत. क्रमांक, म्हणजे कीकोड, केवळ जागा सांगतो. तो ८ पासून २५५ पर्यंत असूं शकतो. त्या जागेवर कोणतें अक्षर समजावयाचें तें, म्हणजे कीसिम, एका तक्त्यांत लिहिलेलें असतें आणि तो तक्ता बदलतां येतो. एकच कळ इंग्रजी तक्त्यांत ‘के’ असते व इनस्क्रिप्ट तक्त्यांत ‘क’ होते तें यामुळेंच. मोडी वाचणारास हा भेद चटकन् उमगेल: रेघ तीच, पण लेखनपरंपरा कोणती हें ठाऊक असल्यावांचून तिचें अक्षर ठरत नाहीं.

वर्दी कोणाकडे जावयाची याचाहि नियम आहे. कळफलकाची वर्दी ज्या खिडकीकडे त्या वेळीं लक्ष, म्हणजे ‘फोकस’, दिलेलें असेल तिकडे जाते. माऊसची वर्दी बाणाखालील खिडकीकडे जाते. हा नियम पुढील विवेचनाचा पाया आहे.

४. पहिली रीत: वर्दी लिहून पाठविणें

एक्सलिबमध्यें ‘एक्स-सेंड-इव्हेंट’ नांवाची क्रिया आहे. तिच्या साहाय्यानें कोणताहि अशील स्वतः एक वर्दी रचून ती कोणत्याहि खिडकीच्या नांवें पाठवूं शकतो. खिडकीचा क्रमांक द्यावा, किंवा ‘बाणाखालील खिडकी’ अथवा ‘फोकस असलेली खिडकी’ असें सांगावें; वर्दी तेथें पोंचते. कळ दाबल्याची वर्दी रचावयाची तर वेळ, स्थान, शिफ्टची स्थिति व कीकोड हे सर्व रकाने पाठविणारानेंच भरावयाचे असतात.

सर्व्हर या वर्दीचा मजकूर तपासीत नाहीं. भलतीच वेळ लिहिली किंवा पडद्याबाहेरचें स्थान दिलें तरी तो हरकत घेत नाहीं. परंतु एक गोष्ट तो चुकतां करीत नाहीं. प्रकाराच्या आंकड्याचा सर्वांत वरचा बिट तो आपल्या हातानें चालू करितो, म्हणजे आंकड्यांत १२८ मिळवितो. त्यामुळें कळ दाबल्याची खरी वर्दी २ या आंकड्याची, तर रचून पाठविलेली १३० या आंकड्याची होते. एक्सलिब हा बिट वाचून अशिलास निराळ्या रकान्यांत सांगते कीं ही वर्दी पाठविलेली आहे. पाठविणारास ही खूण पुसतां येत नाहीं, कारण ती त्याच्या हातून उमटतच नाहीं. सर्व्हर ती वाटेंत उमटवितो. सरळ वाटेनें न आलेल्या प्रत्येक कागदावर ‘नक्कल’ असा शिक्का मारणारा, पण मजकूर न वाचणारा दफ्तरदार कल्पिला म्हणजे सर्व्हरचें हें वर्तन बरोबर समजेल.

शिक्का पाहून काय करावयाचें हें मात्र घेणाऱ्यावर सोंपविलेलें आहे. कित्येक प्रोग्रॅम तो पाहतच नाहींत व वर्दी खरी समजून चालतात. कित्येक ती टाकून देतात. एक्सटर्म हा प्रसिद्ध प्रोग्रॅम अशा कळदाबाच्या व बटणदाबाच्या वर्द्या मुळांत स्वीकारीतच नाहीं. तशी परवानगी मुद्दाम द्यावी लागते. कारण उघड आहे. एक्सटर्मच्या खिडकींत संगणकास आज्ञा दिल्या जातात. तेथें वाटेल त्यास दुसऱ्याच्या नांवें आज्ञा लिहितां आली तर अनर्थ होईल. म्हणून या रीतीनें यादीच्या प्रोग्रॅमांत नोंदी भरूं पाहणारास कधीं यश येतें व कधीं कांहींच घडत नाहीं. हा प्रोग्रॅमचा दोष नव्हे; त्यानें शिक्का पाहिला, इतकेंच.

५. दुसरी रीत: एक्सटेस्ट

सर्व्हर बरोबर चालतो कीं नाहीं याची परीक्षा माणसाच्या हाताशिवाय करतां यावी म्हणून ‘एक्सटेस्ट’ नांवाचा विस्तार निर्माण झाला. त्याचा मूळ हेतु परीक्षेपुरताच होता; माणसाच्या हालचाली टिपून पुन्हां घडविण्याचें सर्वसाधारण साधन म्हणून तो योजिलेला नव्हता. व्यवहारांत मात्र तो याच कामीं सर्वाधिक उपयोगीं पडला.

येथें अशील वर्दी रचीत नाहीं. तो सर्व्हरला इतकेंच सांगतो कीं अमुक क्रमांकाची कळ दाबली गेली असें समज. मग सर्व्हर स्वतःच वर्दी तयार करितो: वेळ आपली घालतो, बाणाचें स्थान आपलें घालतो, शिफ्टची स्थिति आपल्या नोंदीवरून घेतो, आणि नेहमींच्या नियमानें फोकस असलेल्या खिडकीकडे पाठवितो. या वर्दीवर १२८ चा शिक्का नसतो. पहिल्या रीतींत दुसऱ्यानें लिहिलेला कागद दफ्तरांत सरकविला जातो. या रीतींत दफ्तराच्या लेखकाच्या कानांत मजकूर सांगून तो त्याच्याच हस्ताक्षरांत लिहविला जातो. अक्षर अस्सल, शाई अस्सल, शिक्का अस्सल. केवळ सांगणारा निराळा.

यासाठीं क्रिया थोड्या आहेत. प्रथम ‘एक्स-ओपन-डिस्प्ले’नें सर्व्हरशीं संबंध जोडावयाचा, नंतर ‘एक्सटेस्ट-क्वेरी-एक्स्टेन्शन’नें विस्तार उपलब्ध आहे कीं नाहीं हें विचारावयाचें. हव्या त्या अक्षराच्या कीसिमवरून कीकोड काढण्यास ‘एक्स-कीसिम-टू-कीकोड’ आहे. मग ‘एक्सटेस्ट-फेक-की-इव्हेंट’ला कीकोड, दाबणें कीं सोडणें, आणि किती मिलिसेकंद थांबावयाचें हें द्यावयाचें. शेवटीं ‘एक्स-फ्लश’. ही शेवटची क्रिया किरकोळ दिसते, पण तिच्यावांचून अर्ज लायब्ररीच्या थैलींतच पडून राहूं शकतात. जासुदाच्या थैलींत पत्र घातलें म्हणजे तें पोंचलें असें होत नाहीं. जासूद निघाला पाहिजे.

दोन धोके सांगून ठेवितों. एक, दाबल्याची वर्दी देऊन सोडल्याची न दिली तर सर्व्हरच्या हिशेबीं ती कळ दाबलेलीच राहते. अक्षराची कळ असेल तर अक्षर आपोआप पुन्हां पुन्हां उमटूं लागतें. शिफ्ट असेल तर पुढील सर्व लेखन बिघडतें, आणि तें बिघडविणारा प्रोग्रॅम संपला तरी बिघाड राहतो. दुसरा, या रीतींत खिडकी निवडतां येत नाहीं. काम चालू असतां कोणीं दुसरी खिडकी पुढें आणिली तर उरलेला सर्व मजकूर तिकडे जातो.

एक्सडूटूल हें या कामाचें लोकप्रिय साधन दोन्ही रीती वापरतें. खिडकीचें नांव न सांगितल्यास तें एक्सटेस्टचा अवलंब करितें; विशिष्ट खिडकीस कळ पाठवावयास सांगितल्यास एक्स-सेंड-इव्हेंटचा. खिडकीचा उल्लेख करतांच एरव्हीं नीट चाललेलें काम एखाद्या प्रोग्रॅममध्यें एकदम बंद कां पडतें, याचें उत्तर या भेदांत आहे.

६. देवनागरीचें उदाहरण: ‘श्री’

वरील विवेचन आपल्या लिपींत करून पाहूं. ‘श्री’ हें आपल्या पत्रांच्या शिरोभागींचें अक्षर इनस्क्रिप्ट कळफलकावर चार घटकांचें आहे: श, हलन्ताची खूण, र आणि दीर्घ वेलांटी. इंग्रजी ‘एम’ची कळ शिफ्टसह दाबली कीं श येतो, ‘डी’च्या कळीवर हलन्त आहे, ‘जे’च्या कळीवर र आहे आणि ‘आर’च्या कळीवर दीर्घ वेलांटी आहे. लिनक्सवरील नेहमींच्या कळफलकांत यांचे कीकोड अनुक्रमें ५८, ४०, ४४ व २७ असून डाव्या शिफ्टचा ५० आहे.

म्हणून प्रोग्रॅमनें करावयाचें तें असें: ५० दाबणें, ५८ दाबणें, ५८ सोडणें, ५० सोडणें, ४० दाबणें व सोडणें, ४४ दाबणें व सोडणें, २७ दाबणें व सोडणें. एका ‘श्री’साठीं १० वर्द्या झाल्या. यांत ५० सोडण्याचें राहिलें तर पुढच्या तिन्ही कळा शिफ्टसह समजल्या जातील व ‘श्री’ऐवजीं भलतेंच कांहीं उमटेल. तसेंच हा सर्व क्रम इनस्क्रिप्ट तक्ता चालू असेल तरच खरा आहे. इंग्रजी तक्ता चालू असतां याच १० वर्द्यांनीं इंग्रजी अक्षरें येतील. एक्सटेस्ट जागा सांगतो, अक्षर नव्हे.

चालू तक्त्यांत जें अक्षर नाहीं तें कसें पाठवावें? यासाठीं युनिकोडच्या प्रत्येक अक्षरास कीसिम देण्याचा नियम आहे. अक्षराच्या षोडशमान क्रमांकांत १०००००० ही षोडशमान संख्या मिळवावयाची. ‘क’चा क्रमांक ०९१५, म्हणून त्याचा कीसिम १०००९१५. मोडी लिपीस युनिकोडच्या सातव्या आवृत्तींत, इ. स. २०१४ मध्यें, ११६०० पासून ११६५एफ पर्यंत स्थान मिळालें. तेव्हां मोडी अक्षरांचे कीसिम १०११६०० पासून पुढें येतात. तक्त्यांतील एखादी रिकामी कळ घ्यावी, तिच्यावर तात्पुरता हा कीसिम बसवावा, ती दाबून सोडावी व तक्ता पूर्ववत् करावा, ही युक्ति. मात्र तक्ता बदलल्याची वर्दी घेणाऱ्या प्रोग्रॅमनें वाचण्यापूर्वींच कळ दाबली गेली तर अक्षर चुकतें किंवा गळतें. म्हणून मध्यें थोडा अवकाश ठेवावा लागतो.

७. माऊसची चालना

माऊससाठीं एक्सटेस्टमध्यें तीन क्रिया आहेत: बाण पडद्यावरील ठरावीक स्थानीं नेणें, आहे तेथून अमुक अंतर सरकविणें, आणि बटण दाबणें वा सोडणें. स्थान पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून उजवीकडे व खालीं मोजतात. बटण १ डावें, २ मधलें, ३ उजवें. चाकाची वरची गति ४ व खालची ५ या बटणांच्या रूपानें येते. एक्सलिबमध्येंच ‘एक्स-वार्प-पॉइंटर’ ही निराळी क्रिया आहे; ती बाण हलविते, पण बटण दाबीत नाहीं.

माऊसच्या कृत्रिम चालनेवर फारसा भरंवसा ठेवूं नये. खिडकी बोटभर सरकली, अक्षरें थोडी मोठी केलीं, किंवा मध्येंच एखादी सूचनेची चौकट उघडली कीं ठरविलेल्या स्थानीं ठरविलेलें बटण नसतें. कळफलकाचा मार्ग, म्हणजे टॅबनें रकान्यांतून पुढें जाणें, अधिक स्थिर असतो.

८. ओळखीच्या खुणा

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. नोंद माणसाच्या बोटानें झाली कीं प्रोग्रॅमनें, हें कळूं शकतें काय?

एक्स-सेंड-इव्हेंटच्या बाबतींत उत्तर सोपें आहे: शिक्का असतो. एक्सटेस्टच्या वर्दीवर तो नसतो, परंतु इ. स. २००९ मध्यें आदानसाधनांच्या विस्ताराची दुसरी पिढी आली आणि तेव्हांपासून या बाबतींत नवें साधन मिळालें. सर्व्हर एक्सटेस्टच्या वर्द्या ‘व्हर्च्युअल कोअर एक्सटेस्ट कीबोर्ड’ व ‘व्हर्च्युअल कोअर एक्सटेस्ट पॉइंटर’ या नांवांच्या कल्पित साधनांच्या खातीं टाकितो. जो प्रोग्रॅम या नव्या विस्ताराच्या वर्द्या मागवितो त्यास प्रत्येक वर्दीबरोबर तिच्या उगमाच्या साधनाचा क्रमांक मिळतो. जुन्या पद्धतीच्या वर्द्यांवर समाधान मानणाऱ्यास मात्र तो दिसत नाहीं. म्हणजे पुरावा असतो, पण तो पाहण्याची व जपून ठेवण्याची इच्छा प्रोग्रॅमनें धरली पाहिजे. वर्दी वाचून संपली कीं उगमाचा क्रमांकहि गेला. नोंदींत फक्त अक्षरें उरतात, आणि त्या अक्षरांवरून मागाहून कांहींहि सिद्ध होत नाहीं.

वेळेच्या अंतरावरून तर्क करण्याचा मोह पडतो: माणसाची बोटें असमान गतीनें चालतात, यंत्राचीं अंतरें सारखीं असतात. परंतु प्रत्येक क्रियेला विलंब देण्याची सोय असल्यामुळें प्रोग्रॅमलाहि असमान अंतरें ठेवितां येतात. हा पुरावा शंका घेण्यापुरता आहे, निर्णयापुरता नाहीं.

९. अधिकाराचा प्रश्न व पुढील मार्ग

एक्स पद्धतींत ज्यास सर्व्हरशीं संबंध जोडतां येतो त्यास साधारणतः हें सर्व करतां येतें. संबंध जोडण्याचा परवाना म्हणजे वापरणाऱ्याच्या घरच्या कप्प्यांत एका फायलींत ठेविलेली १२८ बिटांची गुप्त संख्या. ती फाइल ज्यास वाचतां येते त्याच्या हातीं पडदा, कळफलक व माऊस हीं तिन्ही येतात. एका पडद्यावरील सर्व अशील परस्परांचे विश्वासू, हें या रचनेंत गृहीत धरलेलें आहे.

इ. स. २००८ मध्यें क्रिस्तियन ह्योग्सबर्ग यांनीं आरंभिलेल्या वेलँड या पद्धतीनें हें गृहीतच सोडून दिलें. तिच्या मूळ करारांत एका अशिलानें दुसऱ्याच्या खिडकींत कळ दाबण्याची सोय नाहीं. तसें करावयाचें तर वापरणाऱ्याची परवानगी घेणारे निराळे मार्ग योजावे लागतात. म्हणून एक्सटेस्टवर आधारलेले प्रोग्रॅम वेलँडच्या स्वतःच्या खिडक्यांपर्यंत पूर्वींसारखे पोंचत नाहींत.

याहूनहि खालच्या थरावर, लिनक्सच्या गाभ्यांत, ‘यूइनपुट’ आहे. त्याच्या योगें प्रोग्रॅम एक संबंध कल्पित कळफलकच उभा करितो, आणि वरच्या थरांस तो खऱ्या कळफलकासारखा भासतो. त्याचें नांवहि प्रोग्रॅम ठेवील तें. परंतु त्यासाठीं सामान्यतः यंत्राच्या मुख्य अधिकाऱ्याचे हक्क लागतात. थोडक्यांत, जितका खालचा थर, तितका शिक्का अस्पष्ट व तितका अधिकार मोठा.

१०. संग्राहकांस उपयोग व दक्षता

हें साधन वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. समजा, १,२०० पत्रांची यादी एका तक्त्यांत तयार आहे व ती अशा प्रोग्रॅमांत भरावयाची आहे कीं ज्यांत एकदम भरण्याची सोय नाहीं. प्रत्येक पत्रास ४० कळा धरल्या तरी ४८,००० कळा होतात. दाबणें व सोडणें मिळून ९६,००० वर्द्या. हें काम माणसाकडून करविणें म्हणजे त्याचे दिवस व डोळे दोन्ही खर्ची घालणें होय. एक्सटेस्टनें तें होतें, आणि माणूस मोडी वाचण्याच्या खऱ्या कामास मोकळा होतो.

धोका कोठें आहे तो एका उदाहरणानें दाखवितों. शुहूर सनाचा इसवी सन करतांना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवितात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. त्या वेळीं शुहूर सन ११६१, म्हणजे इहिदे सित्तैन मया व अलफ, चालू होता. आतां यंत्र भरणा करीत असतां एका पत्राची टॅबची कळ गळली व तेथून पुढचे सन एकेका पत्रानें सरकले असें समजा. ११६१ च्या जागीं ११६ उमटला असता तर कोणाच्याहि ध्यानांत आला असता. पण सरकलेल्या यादींत लढाईनंतरच्या पत्रावर मागच्या पत्राचा ११६० हा सन बसेल. दोन्ही आंकडे संभवनीय, दोन्ही शुद्ध लिहिलेले. मोडींतला चुकलेला आंकडा खाडाखोडीवरून, शाईवरून, लेखकाच्या संवयीवरून पकडतां येतो. येथें तसें कांहींच नाहीं. पुढील अभ्यासक ती यादी प्रमाण मानील आणि लढाईनंतरची एक बातमी लढाईपूर्वींची ठरेल.

म्हणून संग्राहकांस आमच्या सूचना पुढीलप्रमाणें आहेत. (१) यंत्रानें भरलेल्या प्रत्येक नोंदींत तसें म्हणणारा स्वतंत्र रकाना असावा. त्यांत प्रोग्रॅमचें नांव, आवृत्ति, तारीख व तो चालविणाऱ्याचें नांव द्यावें. (२) संग्रहाचें नांव, रुमाल व पत्राचा क्रमांक यांसारखा ठरीव मजकूर यंत्राकडून भरवावा. सन, मिति व व्यक्तिनामें यंत्रानें भरलीं असल्यास माणसानें मूळ कागदाशीं ताडून पाहावीं व ताडणाऱ्यानें आपलें नांव नोंदवावें. (३) दर पत्रानंतर प्रोग्रॅमनें थांबून रकान्यांतला मजकूर परत वाचावा व पाठविलेल्याशीं जुळतो कीं नाहीं हें पाहावें. न जुळल्यास पुढें जाऊं नये. (४) भरणा चालू असतां त्या यंत्रास कोणीं हात लावूं नये. बनेल तर दृश्य पडदाच नसणारा ‘एक्सव्हीएफबी’ हा सर्व्हर त्यासाठीं निराळा चालवावा, म्हणजे फोकस ढळण्याचें एक मोठें कारण नाहींसें होतें. (५) ज्या तक्त्यावरून भरणा केला तो मूळ तक्ता नष्ट करूं नये. यादी ही नक्कल व तक्ता हा तिचा अस्सल होय, असें समजून तो जतन करावा.

पूर्वींच्या कारकुनांनीं आपण केलेल्या नकलेच्या माथ्यावर ‘नक्कल’ असें लिहिण्यांत कमीपणा मानिला नाहीं. त्या एका शब्दामुळेंच त्यांच्या नकला आज आपणांस विश्वासानें वापरतां येतात, आणि जेथें अस्सल नष्ट झाला आहे तेथें त्यांच्यावरच आपला सर्व भार आहे. सर्व्हर १२८ चा शिक्का मारो वा न मारो, यंत्राच्या हातून झालेल्या आपल्या याद्यांवर तो शब्द आपण स्वतः लिहून ठेवणें हें आपलें काम आहे.